खोल समुद्रातला ग्रेनेडियर मासा ओळखायचा कसा: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत समुद्र नाही हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे तो प्रश्न यादीतून गेला. मी इथं झूलॉजी शिकवतो आणि माझ्याकडं पाच बरण्या आहेत. केरळातल्या कोल्लमच्या एका मित्रानं दिलेल्या, तिकडं खोल पाण्यातल्या कोळंबीसाठी ट्रॉलर जातात आणि कोळंबीबरोबर जे नको ते पण जाळ्यात येतं, त्यातले हे मासे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आमच्या तळमजल्यात छातीएवढं शिरलं, बरण्या फुटल्या नाहीत पण बाहेरून चिकटवलेली लेबलं सगळी वाहून गेली. खोल समुद्रातले मासे आणि बुडाले कुठं तर कृष्णेच्या पुरात. पाच मासे आणि नाव एकाचंही नाही, ती नावं परत लावताना दोन वर्षं गेली आणि त्या काळात विद्यार्थ्यांनी, शेजाऱ्यांनी, मेहुण्यानं जे जे विचारलं ते इथं एकत्र लिहून ठेवतोय.

ग्रेनेडियर म्हणजे मिलिटरीवाले ना?

हा प्रश्न दरवर्षी येतोच आणि सातारा जिल्ह्यातलं पोरगं असलं की हमखास. अपशिंगे मिलिटरीकडच्या एका विद्यार्थ्यानं तर नेटवर शोधून जबलपूरच्या रेजिमेंटल सेंटरची सगळी माहिती काढून आणली होती, मासा सोडून. तर नाव तेच आहे, पण हा मासा आहे आणि याला रॅटटेल पण म्हणतात, उंदराच्या शेपटीचा. शास्त्रीय कुटुंबाचं नाव मॅक्रोयुरिडी, ग्रीकमध्ये मॅक्रोस म्हणजे लांब आणि ऊरा म्हणजे शेपूट. कॉड माशांच्या गणातला. जवळपास ४०० स्पीशीज आहेत आणि घोळ तिथंच सुरू होतो, कारण ४०० पैकी बरेचसे लांबून बघितलं तर एकाच आईची लेकरं वाटतात.

कधी बघितला नाही, दिसतो कसा ते आपल्या माशाच्या भाषेत सांगा

मांदेली घ्या. गुरुवार-शनिवार नसेल त्या दिवशी बाजारात मिळतीच. मांदेलीचं अंग डोक्यापासून मागं निमुळतं होत जातंय आणि पोटाखालचा पर पार शेपटीपर्यंत झालरीसारखा गेलेला असतो, ग्रेनेडियरचं मागचं अंग साधारण तसंच. फरक पुढं आहे. ग्रेनेडियरचं डोकं मोठं, डोळे तर बशीएवढे म्हणावेत असे, तोंड बहुतेक वेळा नाकाडाच्या खाली दडलेलं आणि हनुवटीला एक मिशी. दोन नाही, चार नाही, एकच आणि बरोबर मध्ये. पाठीवर पुढं एक उंच आखूड पर, मग थोडी मोकळी जागा आणि मग दुसरा पर सुरू होतो तो इतका बुटका की पहिल्यांदा बघणाऱ्याला दिसतच नाही. मांदेलीला छोटं का होईना शेपटाचं वल्हं असतं, याला ते नाही, पाठीचा पर आणि पोटाचा पर मागं एकमेकाला भेटतात आणि दोरीसारखं टोक राहतं. बेडकाचं पिल्लू फूटभर लांब वाढलं आणि त्याला खवले आले तर जसं दिसेल तसा एकूण प्रकार.

मग शेपटीवरूनच ओळखता येईल की?

नाही, आणि सगळ्यात जास्त फसवणूक तिथंच होते. निमुळती शेपूट खोल पाण्यातल्या बऱ्याच माशांना असते, आणि वरच्या पाण्यातली आपली वाकटीसुद्धा टोकालाच संपते की.

दुसरं म्हणजे ग्रेनेडियरची शेपूट तुटलेली असते. जाळ्यात तुटते, हाताळताना तुटते, कधी समुद्रात असतानाच कुणीतरी तोडलेली असते आणि मग जखम भरून टोकाला खोटंच वल्हं तयार होतं. माझ्या पाचातल्या दोघांचं असंच होतं, आणि एका विद्यार्थ्यानं ते खोटं वल्हं बघून छातीठोकपणे सांगितलं होतं की सर हा ग्रेनेडियर नव्हेच, याला शेपटीचा पर आहे. म्हणून एकूण लांबी मोजायची ती नोंदीपुरती, ओळखायला तिचा काही भरवसा नाही. लोक याची लांबी नाकाच्या टोकापासून पोटाखालचा पर जिथं सुरू होतो तिथपर्यंत मोजतात, कारण तेवढा भाग तरी शाबूत असतो.

ग्रेनेडियरच आहे की दुसरंच काही, हे आधी कसं ठरवायचं?

चार-पाच जणांना बाहेर काढायचं. वाकटीला खवलेच नसतात, चकचकीत पत्र्यासारखं अंग, दात सुळ्यासारखे, पोटाखाली परांची जोडी नाही. ती लगेच गेली. चिमेरा म्हणून एक असतो, शार्कचा लांबचा भाऊबंद, त्याची पण शेपूट उंदरासारखी, पण अंग गुळगुळीत बिनखवल्याचं आणि पाठीच्या पराच्या पुढं भक्कम काटा, हाडं नाहीत तर कुर्च्या. हॅलोसॉर म्हणून एक लांबडा मासा आहे, त्याच्या पाठीवर मध्यावर एकच आखूड पर आणि हनुवटीला मिशी नाही.

खरा त्रास देतो तो कस्क-ईल. त्याच्या पाठीवर एकच सलग पर असतो, पुढचा उंच वेगळा पर नसतो, आणि पोटाखालची परांची जोडी पोटाखाली नसून पार गळ्याशी दोन दोऱ्यांसारखी लोंबते. त्या दोऱ्यांना लोक मिशी समजतात. माझी चौथी बरणी कस्क-ईलची निघाली. पुराआधी तिच्यावर ग्रेनेडियर असं लेबल होतं आणि ते मीच लावलेलं होतं, तेव्हा लेबल वाहून गेलं ते एका अर्थी बरंच झालं.

सामान काय काय लागतं?

फार नाही. दहापट दाखवणारं भिंग, मी गणपती पेठेत एका घड्याळजीकडून डोळ्याला लावायचं जुनं भिंग घेतलं, ते उत्तम चालतंय. व्हर्नियर कॅलिपर. पांढरा इनॅमलचा ट्रे, बोथट सुई, टूथपिक, मोबाईलचा टॉर्च, पेन्सिल, ग्लोव्हज. मायक्रोस्कोप असला तर चैन.

बरं, मग नेमकं कुठं कुठं बघायचं?

हे जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिली जागा कल्ला. कल्ल्याचं झाकण उचला, आत पहिली कमान दिसेल, त्या कमानीच्या बाहेरच्या बाजूची फट टूथपिकनं चाचपा. बहुतेक खऱ्या ग्रेनेडियरमध्ये ती फट वरखाली एका पातळ पडद्यानं शिवल्यासारखी असते, टूथपिक जेमतेम मधल्या भागातून जाते. फट वरपासून खालपर्यंत मोकळी असली तर तुमच्या हातात बॅथिगॅडस किंवा गॅडोमस गटातलं काहीतरी आहे, ज्याला आता बरेचजण वेगळंच कुटुंब मानतात. त्याची दुसरी खूण म्हणजे पाठीवरच्या दुसऱ्या पराच्या काड्या पोटाखालच्या पराच्या काड्यांपेक्षा लांब असतात. नेहमीच्या ग्रेनेडियरमध्ये बरोबर उलटं, पाठीवरचा बुटका आणि खालचा झोकात. बॅथिगॅडसचं तोंड पण मोठं आणि अगदी पुढं उघडणारं, मिशी नसल्यातच जमा, तर गॅडोमसला मिशी चांगली लांब. माझी तिसरी बरणी बॅथिगॅडस, टूथपिक टाकली आणि दोन मिनिटांत निकाल लागला.

दुसरी जागा गळ्याखालचा पडदा. कल्ल्याच्या झाकणाखाली छत्रीच्या काड्यांसारख्या वाकड्या काड्या असतात, त्या मोजायच्या. सहा की सात, एवढाच प्रश्न असतो, पण अख्खी वाट त्यावर फुटते. सीलोरिंकस आणि कोरिफीनॉइड्स (ही ग्रेनेडियरच्या जीनसची, म्हणजे जवळच्या स्पीशीजच्या गटांची नावं) यांना ६. नेझुमिया, व्हेंट्रिफोसा, मॅलॅकोसेफॅलस, हायमेनोसेफॅलस यांना ७. शेवटची काडी बारीक असते आणि आत दडलेली, ती सुटली की तुम्ही चुकीच्या गावच्या एसटीत बसलात म्हणून समजा. दोन्ही बाजूंनी मोजा, दोन वेगळ्या दिवशी मोजा. मी पहिल्या खेपेला तीन बरण्यांमध्ये ६ मोजले होते, नीट टॉर्च मागून धरून बघितलं तर दोघांत ७ निघाले.

तिसरी जागा पाठीवरच्या पुढच्या पराचा काटा. पहिली काडी अगदी खुंटासारखी असते, ती धरायची नाही, दुसरी लांब असते तिच्यावर नख खालून वर फिरवू नका, वरून खाली हळू फिरवा. करवतीसारखं लागतं की गुळगुळीत? नेझुमियाला करवत, कोरिफीनॉइड्सला बहुतेक करवत, मॅलॅकोसेफॅलसला साफ गुळगुळीत. जुन्या नमुन्यात दाते झिजलेले असतात म्हणून भिंगातून पण बघा.

चौथी आणि मला सगळ्यात आवडती जागा म्हणजे गुदद्वार. हसू नका, वर्गात पण सगळे हसतात आणि परीक्षेत हाच प्रश्न चुकवतात. ते पोटाखालच्या लांब पराला अगदी चिकटून आहे की त्याच्या बरंच पुढं, पोटाखालच्या परांच्या जोडीकडं सरकलंय? कोरिफीनॉइड्समध्ये पराला लागून. नेझुमिया, व्हेंट्रिफोसा, मॅलॅकोसेफॅलस यांच्यात पुढं सरकलेलं आणि भोवती काळा, खवले नसलेला पट्टा. सीलोरिंकसमध्ये बहुतेकांचं पराजवळच, पण तिथून पुढं छातीकडं जाणारी काळी रेघ किंवा खिडकी दिसते, ती आतल्या प्रकाश देणाऱ्या ग्रंथीची. कुणाची रेघ आखूड, कुणाची पार परांच्या जोडीच्या पुढं गेलेली, आणि सीलोरिंकसच्या शंभराच्या वर स्पीशीज वेगळ्या करताना ही रेघ किती लांब हेच आधी विचारतात.

पाचवी डोळ्याखालची कड. नाकाच्या टोकापासून डोळ्याखालून गालाच्या कोपऱ्यापर्यंत हाडाची टणक, काटेरी कड सलग जात असेल, नाकाड टोकदार भाल्यासारखं असेल आणि तोंड छोटं खाली दडलेलं, तर ९० टक्के वेळा सीलोरिंकस. माझी पहिली बरणी ती. अंधारात बोट फिरवलं तरी कळेल इतकी कड टोचते. याउलट डोकं मऊ, दाबलं तर दबणारं, अर्धवट पारदर्शक, आत पोकळ्या पोकळ्या आणि छातीपोटावर बारीक चंदेरी रेघोट्या असल्या तर हायमेनोसेफॅलसकडं बघा, तो चणीनं पण बारका असतो.

खवले आणि दात पण बघायचे. खवल्यावर बारीक काटे असतात, त्यांच्या रांगा सरळ आहेत की पसरलेल्या, काटे रुंद की सुईसारखे, हे भिंगाखाली दिसतं. मॅलॅकोसेफॅलसचे खवले इतके बारीक की अंगाला हात लावला तर मखमल, आणि खालच्या जबड्यात मोठ्या दातांची एकच रांग. नावाचा अर्थच मऊ डोक्याचा. दुसरी बरणी.

खवले सगळे गळून गेलेत, आता?

ट्रॉलमधून आलेल्या नमुन्याचं असं होतंच. खवला गेला तरी तो बसायची खोबण कातडीत राहते, त्या खोबणी मोजा. आणि पुढच्या पराच्या बुडाशी, छातीच्या पराच्या मागं आडोशाला, तिथं दोन-चार खवले हटकून शिल्लक असतात. कमीत कमी एक तरी काढून काचपट्टीवर ठेवा.

मोजमापं कशी लिहायची?

मिलिमीटरमध्ये मोजायचं पण तुलना करायची ती डोक्याच्या लांबीच्या टक्क्यात. समजा डोकं ६२ मिमी आणि डोळ्याची खोबण २० मिमी, तर डोळा डोक्याच्या ३२ टक्के. तसंच नाकाड, दोन डोळ्यांमधलं अंतर, मिशी, वरचा जबडा, सगळं डोक्याच्या हिशेबात. म्हणजे लहान आणि मोठा मासा एकमेकाशेजारी लावता येतो. नेहमी एकाच बाजूचं मोजा, डावी. आणि जे तुटलंय तिथं अंदाजे आकडा टाकू नका, तुटलंय असं लिहा. हे मी पोरांना दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी कुणीतरी मिशीची लांबी अंदाजपंचे टाकतंच.

रंगावरून काही कळतं का?

ताजा असेल तर थोडं, बरणीतला असेल तर फारसं नाही. फॉर्मॅलिनमध्ये आणि नंतर अल्कोहोलमध्ये सगळेच चहात बुडवलेल्या पावासारखे होतात. टिकतो तो काळा रंग. तोंडाच्या आत, कल्ल्याच्या खोलीत, पोटाच्या आतल्या अस्तराला काळं आहे की फिकट, हे वर्षानुवर्षं दिसत राहतं आणि त्याचा उपयोग होतो. परावर काळा ठिपका किंवा पट्टा असेल तर तो ताजेपणीच फोटोत घ्या.

पोटात दिवा असतो हे खरं का?

खरं आहे, पण बल्बसारखा नाही. गुदद्वाराजवळ एक ग्रंथी असते, तिच्यात चमकणारे जिवाणू राहतात, उजेड त्यांचा. सगळ्या ग्रेनेडियरना नसतो, बॅथिगॅडस गटाला नाही, सीलोरिंकस, मॅलॅकोसेफॅलस, हायमेनोसेफॅलस यांना असतो. मॅलॅकोसेफॅलसच्या पोटावर दोन खिडक्या असतात, एक परांच्या जोडीच्या मध्ये आणि एक गुदद्वाराच्या लगेच पुढं. पोर्तुगालमध्ये सेझिंब्रा म्हणून गाव आहे, तिथले कोळी या माशाचं पोट दाबून तो चमकणारा चिकट रस काढायचे आणि गळाला लावायच्या मांसावर चोळायचे, म्हणजे अंधारात आमिष दिसेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे लिहून ठेवलं गेलंय. आमच्याकडं कुणी वाटाण्याच्या पिठाच्या गोळीवर हळद चोळून गळ टाकतो त्याची मला आठवण झाली.

बाय द वे, मांदेलीच्या पोटाकडच्या बाजूला पण सोनेरी मोत्यासारखे ठिपक्यांचे रांगेनं अवयव असतात, ते प्रकाशाचेच मानतात. तळायच्या आधी एकदा बघा.

माशाचे डोळे बाहेर आलेत आणि तोंडातून काहीतरी लोंबतंय, आजारी होता का?

नाही हो. दर १० मीटरला साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणजे ४०० मीटरवर चाळीसपट. तिथला मासा झपाट्यानं वर ओढला की त्याच्या भोतातला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीतला, वायू फुगतो. घोळीचं भोत लोक महाग घेतात ना, तेच अंग. ते फुगलं की पोट उलटं होऊन तोंडातून बाहेर येतं आणि डोळे बटाट्यासारखे होतात. त्यामुळं डोळ्याचा गोळा न मोजता हाडाची खोबण मोजायची. तसं या भोताचा जिवंतपणी आणखी एक उपयोग असतो, बऱ्याच स्पीशीजमध्ये नराच्या भोताला खास स्नायू असतात आणि तो ते ढोलकीसारखं वाजवतो.

आपल्या बाजूच्या समुद्रात कुठले मिळतात आणि त्यांची नावं कुणी ठेवली?

अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर, दोन्हीकडं आहेत, पण किनाऱ्याजवळ नाहीत. साधारण २०० मीटरच्या खाली उतार सुरू होतो तिथून पुढं. म्हणून रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या नेहमीच्या बोटीत किंवा कुंभार्ली घाटानं कराडला येणाऱ्या बर्फाच्या पेट्यांत तो दिसत नाही, केरळच्या खोल कोळंबीच्या ट्रॉलरमध्ये दिसतो.

नावांचं म्हणाल तर आपल्या भागातल्या बऱ्याच ग्रेनेडियरमागं एकच माणूस आहे, आल्फ्रेड अल्कॉक. हा सर्जन होता, १८८८ ते १८९२ या काळात इन्व्हेस्टिगेटर नावाच्या सर्व्हे जहाजावर डॉक्टर कम निसर्गअभ्यासक म्हणून फिरला आणि पुढं कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचा प्रमुख झाला. नेझुमिया इन्व्हेस्टिगेटोरिस हे १८८९ चं नाव, जहाजाचंच. कोरिफीनॉइड्स वुडमेसोनाय हे १८९० चं, म्युझियममधल्या वुड-मेसन साहेबांच्या नावानं. सीलोरिंकस क्वाड्रिक्रिस्टॅटस १८९१, म्हणजे चार कडांचा, आता डोळ्याखालची कड का बघायची ते लक्षात आलं असेल. १८९९ मध्ये त्यानं म्युझियममधल्या खोल समुद्री माशांची वर्णनासकट यादी छापली. त्याच्या वेळी यातल्या बहुतेकांना मॅक्रुरस एवढंच जीनस लावलेलं असायचं, नंतर त्याचे तुकडे झाले, त्यामुळं जुन्या बरणीवर मॅक्रुरस लिहिलेलं दिसलं तर त्यावर थांबू नका. सगळ्या जगाचा कॉडवर्गीय माशांचा एफएओचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचा, १९९० चा कॅटलॉग पीडीएफमध्ये फुकट मिळतो, जीनसपर्यंत पोचायला आजही तोच काढतो मी.

अजून एक गंमत. मॅलॅकोसेफॅलस लेव्हिसचं वर्णन १८४३ मध्ये मदेराच्या लोव यांनी केलं, ते धर्मगुरू. आणि उत्तर अटलांटिकमधला प्रसिद्ध कोरिफीनॉइड्स रुपेस्ट्रिस १७६५ मध्ये नॉर्वेच्या गुनेरस यांनी, ते तर बिशप.

फोटो पाठवला तर नाव सांगाल का?

फक्त डाव्या बाजूचा एक फोटो, तो पण व्हॉट्सॲपनं दाबलेला, पाठवला तर ग्रेनेडियर आहे एवढं सांगीन, बस. जीनस पाहिजे असेल तर डाव्या बाजूचा पूर्ण, डोकं वरून, डोकं खालून, पोट खालून म्हणजे परांच्या जोडीपासून लांब पराच्या सुरुवातीपर्यंत, पहिल्या पराचा काटा जवळून आणि कल्ल्याची फट उघडून, असे सहा. प्रत्येकात पट्टी ठेवा. पाठीखाली हात धरून काढलेला फोटो, मागं बाईक आणि माणूस हसतोय, असले फोटो ओळखीच्या कामाचे नाहीत.

डीएनए करून टाकलं की झालं ना, एवढी मोजामोज कशाला?

डीएनए चांगलंच आहे, सीओआय नावाच्या जनुकाचा तुकडा वाचून बारकोडसारखी तुलना करतात. पण तुलना कशाशी? आधी कुणीतरी मासा हातात घेऊन बरोबर ओळखलेला असतो त्याच्या नोंदीशी. ती ओळख चुकलेली असेल तर तुमची पण चुकणार, तेवढ्याच टक्क्यांनी. आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकलेल्या माशातून डीएनए काढणं म्हणजे वाळूतून तेल. म्हणून ताजेपणीच उजव्या बाजूचा छोटा मांसाचा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवायचा आणि मग मासा फॉर्मॅलिनमध्ये. माझ्या पाचांचे तुकडे नाहीत, तेव्हा ही अक्कल नव्हती.

फॉर्मॅलिन किती आणि किती दिवस?

दुकानात मिळतं ते फॉर्मॅलिन एक भाग, पाणी नऊ भाग. ग्लोव्हज घालून, खिडक्या उघड्या ठेवून, घरात नको. त्याच्या वाफा डोळ्यानाकाला झोंबतात आणि त्यानं कॅन्सर होऊ शकतो हे सिद्ध झालेलं आहे, म्हणून स्वयंपाकघरातल्या बरणीत, ओट्यावर, असले प्रकार करू नका. मोठ्या माशाच्या पोटाला उजव्या बाजूनं चीर द्या म्हणजे आत जाईल. मध्यावर चीर देऊ नका, ती प्रकाशाची ग्रंथी बरोबर मध्यावर असते आणि तीच कापली तर वर सांगितलेलं सगळं पाण्यात. आठवड्याभरानं पाण्यात धुवून ७० टक्के अल्कोहोलमध्ये.

लेबल?

आत. बरणीच्या आत, जाड कागदावर, पेन्सिलनं. बॉलपेन अल्कोहोलमध्ये उतरतं, जेलपेनचं तर नावच काढू नका. कुठं पकडला, किती खोल, कुठल्या जाळ्यात, तारीख, कुणी दिला. नाव नसलं तरी चालेल, नाव नंतर लावता येतं, ठिकाण आणि खोली नंतर आणायची कुठून? माझ्या बरण्यांची नावं भिंगानं परत मिळाली पण खोली मित्राला फोन करून विचारली तर तो म्हणाला, असेल साडेतीनशे-चारशे मीटर, तारीख आठवत नाही. मी तसंच लिहिलंय, तोंडी माहिती, अंदाजे.

कोयनेत नाहीतर कृष्णेत सापडेल का?

नाही. शिवसागर कितीही खोल वाटला तरी कोयनेच्या धरणाची भिंत साधारण १०३ मीटर आणि पाणी गोडं. नदीत निमुळत्या अंगाचा आणि खाली लांब झालरीचा मासा मिळाला तर तो चालट असणार, सापासारखा आणि टोकदार तोंडाचा असेल तर वाम.

खाता येतो का?

मेहुण्याचा प्रश्न. उत्तर अटलांटिकमधला रुपेस्ट्रिस लोक खातात, सोव्हिएत ट्रॉलरांनी १९६० च्या दशकात तो मोठ्या प्रमाणात धरायला सुरुवात केली, नंतर फ्रान्सच्या बाजारात तो चांगला चालला. पण कानातले खडे कापून त्यातली वर्तुळं मोजली तर हा मासा पन्नास वर्षांच्या वर जगतो असं दिसलं, उशिरा वयात येतो, मग एवढी मासेमारी त्याला झेपणार कशी? आज आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत तो अतिधोक्यात आहे आणि युरोपियन युनियननं २०१६ मध्ये ८०० मीटरच्या खाली तळ खरवडणारं ट्रॉलिंग बंद केलं. आपल्याकडचे बारके, काटेरी आणि डोकंच मोठं, खायला उरणार काय. ऑनलाईन ब्लू ग्रेनेडियर नावाची फिले दिसते ती होकी, तो या कुटुंबातला नव्हेच.

बरणीतला मासा मात्र कुणी खाऊ नका. हे लिहायची वेळ यावी याचं वाईट वाटतं पण विचारलेलं आहे.

आणि पाचव्या बरणीचं काय?

पाचवीनं घाम काढला. काड्या ७, गुदद्वार पुढं सरकलेलं, भोवती काळा पट्टा, काट्याला करवत. म्हणजे मॅलॅकोसेफॅलस गेला, सीलोरिंकस आणि कोरिफीनॉइड्स गेले. उरले नेझुमिया आणि व्हेंट्रिफोसा. तिथं नाकाडाचा आकार, त्याच्या टोकावरचा कठीण खवल्यांचा गाठोडा आणि तोंडाची लांबी बघायची असते, आणि नेमकं नाकाड दबलेलं, पुरात कपाट आडवं झालं तेव्हा हा मासा बरणीच्या बुडाशी डोक्यावर पडून महिनाभर तसाच होता. एका विद्यार्थिनीनं मला तीनदा विचारलं की सर नेझुमिया लिहूया की, ८० टक्के तेच आहे. आता बरणीच्या आत पेन्सिलनं लिहिलेलं लेबल असं आहे: नेझुमिया किंवा व्हेंट्रिफोसा, नाकाड दबलेलं, कोल्लमकडचा, अंदाजे ३५० ते ४०० मीटर, तारीख नाही. तिच्या हस्ताक्षरात आहे, माझं कुणाला वाचता येत नाही.